गिट्टीवरची बुळबुळ

आनंदाबाईच्या घरात घाण टिकत नसे. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. जवळून पाहिलं असतं तर तुम्हालाही धाक वाटला असता. चुलीवरून उतरलेलं भांडं ती राखेनं असं घासायची, की त्या घरात काळं बूड कुणी पाहिलंच नाही. अंगण शेणानं सारवायचं, विहिरीचा दोर धुवायचा, नवऱ्याच्या चपला धुवायच्या, आणि एवढं करून कंबर धरून बसायचं नि म्हणायचं, "बापा, केवढा पसारा!" अशा बाईच्या अंगणात, आणि त्यातही गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईच्या अंगणात, नवऱ्यानं जिवंत मासोळ्या आणून सोडल्या. आता बोला.

साल त्र्याऐंशी. आनंदाबाईचे यजमान रूपराव हिंगणघाटच्या गिरणीत फिटर होते. ज्या खात्यात त्यांची हयात गेली ते खातंच बंद झालं आणि ते घरी आले. आले ते मुकेच झाले. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायचे. चहा ठेवला तर पीत, नाही ठेवला तर मागत नसत. आनंदाबाई बोलून बोलून थकली. नाचणगावला दिलेली पोरगी शकुंतला येऊन राहिली, बापाच्या उशाशी बसली, आणि बापाला बोलतं न करताच परत गेली. तिला मोटारीत बसवून आल्यावर आनंदाबाईनं घरातली सगळी पितळी भांडी खाली काढली आणि घासत बसली. माणसाचं दुःख राखेनं निघालं असतं तर तिनं तेही काढलं असतं.

रूपराव बोलले ते एका वांग्याच्या झाडामुळे. वेणा नदीवर जाळं टाकणारा रामाजी गल्लीत मासोळ्या विकायला यायचा. ऊन चढलं की त्याचं घमेलं तो रूपरावांच्या अंगणातल्या निंबाखाली टेकवायचा, आणि जाताना घमेल्यातलं पाणी वांग्याच्या बुडाशी ओतून जायचा. महिन्याभरात ते वांगं असं फोफावलं की फांद्यांना टेका द्यावा लागला. रूपराव एक दिवस खाटेवरून उठले, झाडापाशी उकिडवे बसले नि म्हणाले, "रामाजी, खत कोणतं टाकून राह्यला बे?"

"खत कायचं जी? मासोळ्याचं पानी हाये थे."

आत आनंदाबाईच्या हातून सांडशी पडली. इतक्या दिवसांनी नवऱ्याचा आवाज ऐकला होता तिनं.

त्यानंतर त्या माणसाला उसंत नव्हती. अंगणाच्या कोपऱ्यात विटा-सिमेंटचं कमरेएवढं टाकं बांधलं. घरचा कूलर गंजून भुसा झाला होता, पण त्याचा पंप धडधाकट होता. तो टाक्यात बुडवला. टाक्याच्या वर लाकडी घोडीवर तीन पत्र्याचे टप मांडले, बुडाला भोकं पाडली, आत गिट्टी भरली. माती नाही, खत नाही, नुसती धुतलेली गिट्टी. त्यात रोपं खोचली. पंप टाक्यातलं पाणी वर टपात टाकणार, ते गिट्टीतून, मुळांतून झिरपत पुन्हा टाक्यात पडणार. मासोळ्यांची घाण झाडं खाणार, मासोळ्यांना स्वच्छ पाणी मिळणार. रूपराव हे आल्यागेल्याला हातवारे करून सांगायचे.

मासोळ्या रामाजीनंच आणल्या, बोटाएवढ्या. आनंदाबाईनं तुळशीवृंदावन आणि टाकं यांच्यामध्ये एक जुनं पातळ पडद्यासारखं बांधलं, आणि गप्प बसली. नवरा बोलत होता ना? मग मासोळ्या काय, त्यानं मगर आणली असती तरी तिनं जागा करून दिली असती.

पण पहिल्या खेपेच्या मासोळ्या मेल्या. आठवड्याच्या आत सगळ्या उलट्या होऊन तरंगल्या. रूपरावांनी त्या गोळा करून निंबाखाली पुरल्या, हात धुतले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड केलं. तिनंच रामाजीला गाठलं आणि दुसरी खेप आणवली. मासोळ्यांचा भाव करणारी माळकरी बाई गल्लीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. रामाजी एवढंच म्हणाला, "पानी नवं होतं बाई. मुरू द्या लागते. थोड्याच मासोळ्या सोडा आता."

दुसरी खेप जगली. गिट्टीवर हळूहळू तांबूस, बुळबुळीत साय धरली आणि मग झाडांनी जे अंग धरलं म्हणता! सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, पालक, आंबट चुका. तिसऱ्या टपात धोप्याची, म्हणजे अळूची, पानं सुपाएवढी झाली. रूपराव सकाळी उठले की टाक्यापाशी, जेवले की टाक्यापाशी. लाईन गेली की लोट्यानं पाणी वर टाकत बसायचे. आणि बोलायचे! कोणती मासोळी आगाऊ आहे, कोणती लाजरी आहे, पंप कसा धापा टाकतो. आनंदाबाई तांदूळ निवडत "हव, हव" म्हणायची. मासोळ्यांचं तिला काही देणंघेणं नव्हतं. तो आवाज घरात चालू राहावा एवढंच तिला हवं होतं, आणि तो आवाज त्या टाक्यातल्या जिवांवर टांगलेला आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भादवा आला. महालक्ष्म्यांचे मुखवटे थोरल्या भावाकडे, बबनरावांकडे, जामजवळच्या गावी असायचे. त्या वर्षी बबनरावांनी घर पाडून नवं बांधायला काढलं होतं, म्हणून लक्ष्म्या पहिल्यांदाच हिंगणघाटला बसणार होत्या. आनंदाबाईला आकाश ठेंगणं झालं. लग्न झाल्यापासून ती जावेच्या घरी जाऊन सोळा भाज्या चिरत आली होती. लक्ष्म्यांना स्वतःच्या हातानं लुगडं नेसवायची इच्छा तिनं कुणाला सांगितलीही नव्हती.

रूपराव मुखवटे आणायला निघाले. जाताना म्हणाले, "लाईन गेली त लोट्यानं पानी टाकजो. अन् गिट्टीले हात लावू नको. तशीच राहू दे."

"काऊन?"

"राहू दे म्हटलं ना."

पुरुष माणसं घाण तशीच राहू द्या म्हणतातच, त्यात नवीन काय? तिनं घर धुतलं, अंगण सारवलं, आणि शेवटी तिची नजर त्या टपांवर गेली. लक्ष्म्या घरात येणार आणि अंगणात हा चिकट गाळ! बरं, नुसतं सोवळ्याचंही नव्हतं. तिच्या मनात पक्कं होतं की पहिल्या मासोळ्या घाणीनंच मेल्या. या गिट्टीवर तर त्याहून जास्त गाळ साचलाय; उद्या याही मरतील, आणि तिचं माणूस पुन्हा भिंतीला तोंड लावेल. म्हणून तिनं पदर खोचला. रोपं अलगद काढून ओल्या फडक्यात ठेवली. दोन टपांतली गिट्टी उपसून राखेनं घासली, कढत पाण्यानं धुतली, दगड न् दगड. तिसऱ्या टपातला धोपा फार दाट होता, तो तेवढा राहिला. रोपं परत खोचून ती मागं सरली तेव्हा गिट्टी नदीतून आत्ता काढल्यासारखी चमकत होती. तिला वाटलं, किती खूश होतील!

रूपराव आले, सोबत थोरली जाऊ देवकाबाई. मुखवटे देवघरात ठेवून ते अंगणात गेले. गिट्टीचा एक खडा उचलला, अंगठ्यानं चोळला, परत ठेवला.

"चकचकीत केली," ते म्हणाले. बस, इतकंच.

आवाहन झालं. लक्ष्म्या आल्या, लुगडी नेसल्या. रूपराव सांगितलं ते आणून द्यायचे, आणि अंगणात निघून जायचे. बोलणं नाही, हसणं नाही. देवकाबाईनं विचारलंसुद्धा, "आनंदा, भाऊजी इतके गुमसुम काऊन?" आनंदाबाई "दमले असतीन" म्हणाली. तेच ते गप्प. तेच ते खाली घातलेलं डोकं. आपलं काय चुकलं? लक्ष्म्या घरात आल्या आणि घरधनी परत हरवला, असं कुठं असतं का? डाळ शिजवताना तिचे डोळे वाहत होते आणि ती चुलीच्या धुराला शिव्या घालत होती.

पूजेच्या दिवशी सोवळ्यानं पुरण चुलीवर ठेवून ती तुळशीची पानं घ्यायला अंगणात आली. पडदा बाजूला केला आणि जागीच थांबली.

मासोळ्या साऱ्या वर आल्या होत्या. तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होत्या. दोन-तीन पलटल्या होत्या. रूपराव विहिरीतून बकेट ओढत होते, टाक्यात रिकामी करत होते, टाक्यातलं पाणी उपसून निंबाच्या बुडाशी टाकत होते. धोतर मांडीपर्यंत ओलं, दोराच्या घासानं तळहात सोललेले.

"अजी, काय झालं हो ह्याहीले?"

"काई नाई. तू जा. तुहं पुरण लागन."

"कवापासून चालू हाये हे?"

तिनं दोराला हात घातला आणि धरूनच ठेवला. "कवापासून?"

"काल पहाटपासून." त्यांनी कपाळ पुसलं. "थे बुळबुळ होती ना, थेच पानी साफ करत होती. पयल्या मासोळ्या मेल्या कारण तवा गिट्टी कोरी होती. आता पुन्हा कोरी झाली. वरून राखेचं पानी. नवं पानी टाकून टाकून तग धरून ठेवल्या."

म्हणजे मीच. माझ्याच हातानं.

"आता काय करा लागते?" ती म्हणाली.

"तिसऱ्या टपात शिल्लक हाये थोडी. थे काढून ह्या दोनीत पसरवली त..." ते थांबले. "मी करतो पूजा झाल्यावर. तू सोवळ्यात हायेस."

पण ती तिसऱ्या टपापाशी पोचली होती. धोप्याचे बुंधे दोन्ही हातांनी उपसले, मुळांना लोंबणारा तांबडा गाळ ओंजळीनं काढला, बुळबुळीत गिट्टी कोपरापर्यंत हात घालून खरवडली आणि धुतलेल्या टपांत भरली. सोवळ्याचं लुगडं छातीपर्यंत चिखलानं बरबटलं. दारात देवकाबाई उभी राहिली, तोंडावर हात.

"अवो माय वं! आनंदा, सोवळं!"

"गेलं सोवळं, बाई. तुमी तेवढं पुरण हालवा, खाली लागन."

देवकाबाई आत पळाली. ती दोघं राबत राहिली. तो पाणी ओढत होता, ती गाळ पसरत होती. पलटलेल्या मासोळ्या गेल्याच. पण हळूहळू बाकीच्यांची तोंडं पाण्याखाली गेली, एकेक करत. आनंदाबाई तशीच ओल्या जमिनीवर बसली.

"तुमी बोलले काऊन नाई मले? आल्या आल्या?"

"काय बोलू? तू किती खुशीत होती. इतक्या वर्षानं लक्ष्म्या आल्या तुह्या घरी. म्हटलं सण होऊन जाऊ दे."

"अन् मले काय वाटलं ठाऊक हाये? वाटलं, तुमी पुन्हा तसेच झाले. खाटेवर पडाचे तसे. दोन दिवस झाले, मी रडत रडत सैपाक करून राह्यली!"

रूपरावांच्या हातातली बकेट खाली टेकली.

"मासोळ्याईसाठी रडली तू?"

"मासोळ्या गेल्या खड्ड्यात! तुमच्यासाठी. तवाही असंच केलं तुमी. गिरणी सुटली तवा. एक शबद नाई बोलले. मी काय शत्रू होती का तुमची?"

ते विहिरीच्या काठाला टेकले. म्हणाले, "तवा तोंड उघडलं असतं त रडू आलं असतं. म्हटलं, मी रडलो त तू कोनाकडे पाहशीन? भेऊन जाशीन."

"मंग रडाचं होतं ना जी!" ती इतक्या जोरात ओरडली की निंबावरची पाखरं उडाली. "मी काय मेली होती?"

आणि मग तो माणूस रडला. भर अंगणात, सणाच्या दिवशी, हुंदके देत. सांच्यांचा, गिरणीतल्या यंत्रांचा, आवाज अजून कानात येतो म्हणाला, सकाळी भोंगा झाला की पाय आपोआप खाटेवरून खाली येतात म्हणाला, त्यानं निगुतीनं राखलेला सांचा भंगारवाल्यानं घणानं फोडला तो त्यानं उभं राहून पाहिला होता म्हणाला. आनंदाबाई ऐकत होती. चिखलाचे हात तिनं त्याच्या पाठीवर ठेवले होते.

आतून देवकाबाईचा आवाज आला, "आनंदा, नैवेद्याले टाइम होऊन राह्यला! आंघोळ करतं की नाई?"

"थांबतीन लक्ष्म्या," आनंदाबाई मान न वळवता म्हणाली. "हं, बोला जी. मंग काय झालं?"