शनिवारचा ट्रक

आठ दिवसांत आजींना एक गोष्ट पक्की कळली होती. खोक्यावर बसता येतं, पण टेकता येत नाही. मुलाच्या घरात खुर्च्या नव्हत्या असं नाही. पण त्या सुट्या होऊन कुठल्याशा खोक्यात पडल्या होत्या आणि त्यांचे स्क्रू भलत्याच खोक्यात होते. एकूण खोकी सत्तेचाळीस. उघडलेली एकोणीस. उरलेल्यांना हात लावायचा विषय निघाला की घरातल्या प्रत्येकाला दुसरं काहीतरी काम आठवायचं.

मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात, असं हे तिघांचं बिऱ्हाड बारा वर्षं परदेशात काढून अडीच महिन्यांपूर्वी परत आलं होतं. सामान मागाहून बोटीने आलं. ते लावायला हातभार लावू, चार दिवस राहू, असं म्हणून आजी-आजोबा तीन तासांचा प्रवास करून आले. चाराचे आठ झाले. आणि आठव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, कामावर निघालेला मुलगा बूट घालता घालता म्हणाला, "शनिवारी नऊला ट्रक सांगितलाय. तुमचं तिकडचं सामान इथेच आणून टाकू. आता कशाला दोन दोन घरं?" उत्तराची वाट न बघता तो लिफ्टमध्ये शिरलासुद्धा.

आई-बापांना ठेवायची खोली त्याने तयारच ठेवली होती. अख्ख्या घरात तेवढी एकच खोली नीट लागलेली. दोन पलंग, पायाशी मऊ गालिचा, न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे आणि उशाशी एक घंटी. रात्री काही लागलं तर वाजवायची म्हणे. आजींनी पहिल्याच दिवशी ती घंटी कपाटात, आजोबांच्या मोज्यांखाली सारली. आजोबा दांड्याला टॉवेल वाळत घालत.

आजींना घरी जायचं होतं. दुसरं तिसरं काही नाही. तळमजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्या, डाव्या बाजूला खड्डा पडलेली गादी, आणि त्यांच्याशिवाय कुणाच्याही हाताला न पेटणारी शेगडी. तिथे त्या कुणाची आई नव्हत्या, कुणाची आजी नव्हत्या. सकाळचा चहा घेऊन खिडकीत बसलेली एक बाई होत्या. ही गोष्ट मोठ्याने बोलायची चोरी. पोरगा सगळं सोडून आपल्यासाठी आला आणि आपण म्हणायचं, आम्हाला नको?

"मग सांग त्याला," आजोबा म्हणाले.

"तुम्ही सांगा की. बाप आहात."

"मी? बोलावलं कुणी त्यांना? तू! मला विचारलं होतंस? मी धडधाकट माणूस, मला थकवून टाकलंस तू फोनवर. आता तूच निस्तर."

एवढं बोलून त्यांनी काढता पाय घेतला. आजोबांनी उभा जन्म लिफ्टची दुरुस्ती करण्यात घालवला होता आणि या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर कण्हते, असं त्यांचं निदान होतं. त्यामुळे घरात काही अवघड बोलणं निघालं की त्यांना लिफ्टची तब्येत बघायला जावं लागे. या आठ दिवसांत लिफ्टची तब्येत फारच नाजूक होती.

पण ते बोलले ते खरं होतं. बोलावलं आजींनीच.

आजींनी एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली होती. बिनखिडकीच्या खोलीत कानाला यंत्र लावून दिवसभर माणसांचे आवाज. नुसत्या "हॅलो"वरून त्या ओळखायच्या, की हा माणूस बाळ झालं म्हणून फोन करतोय की कुणी गेलं म्हणून. कधी चुकल्या नाहीत. निदान तसं त्या सांगत. आणि तपासायला कोण बसलंय? निवृत्त झाल्यावर ते कान एकाच माणसाच्या कामी आले. दर रविवारी मुलाचा फोन. फोटो-बिटो काही नाही, चेहरा दिसणारा फोन त्यांना मानवायचा नाही. "चेहरा खोटं बोलतो," त्या म्हणायच्या.

घरात एक शिस्त होती. फोनवर वाईट बोलायचं नाही. आजोबा घसरून पडले, हात गळ्यात बांधून महिनाभर बसले, फोनवर "सगळं छान." तिकडे सुनेला तापाने घेरलं, "सगळं छान." बारा वर्षं दोन्हीकडच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि त्यालाच प्रेम म्हणत आले. आणि अशात गेल्या वर्षीच्या एका रविवारी मुलाचा "हॅलो" आला तो फाटका, चिरकलेला, घशातच अडकलेला. असा आवाज त्यांनी हजारदा ऐकला होता. हा माणूस रडून आलेला आहे. तिकडे पार टेकीला आलाय, परत यायचंय, पण कमीपणा वाटतोय म्हणून बोलत नाही. त्याला निमित्त हवं. मग आईने ते द्यायला नको?

"आम्ही थकलो रे आता," आजी म्हणाल्या. "एकट्याने होत नाही. या परत."

मग तो म्हणाला, "येतो."

आणि आले. हे आता असे.

मुलगा दात बनवायचा. म्हणजे कवळ्या, दातांवरच्या टोप्या वगैरे. तिकडे त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं, हाताखाली सहा जण होते. इथल्या प्रयोगशाळेत तो सगळ्यांत नवा, म्हणून साचे ओतायचं काम त्याच्याकडे. संध्याकाळी यायचा तो केसात आणि नखात पांढरी भुकटी घेऊन, सोफा नसल्यामुळे भिंतीला टेकून बसायचा आणि बसल्या जागी पेंगायचा. सूनबाई तिकडे शाळेच्या ग्रंथालयात होत्या. इथे दोन महिने अर्ज लिहीत होत्या. रोज एक खोकं उघडायच्या, आतलं बघायच्या आणि पुन्हा चिकटपट्टी लावून बंद करायच्या. पहिल्या दिवशी आजींना वाटलं, पसाऱ्याचा कंटाळा. चौथ्या दिवशी त्यांनी त्याकडे कानाडोळा करायला सुरुवात केली. या वयात आजींनाही सगळ्याकडे बघण्याइतकं बळ राहिलं नव्हतं.

नातीला सगळे मासोळी म्हणत. तिकडे ती पोहायची. इथे तलाव होता, पण दोन बस बदलून. आणि तिला घेऊन जायचं त्राण कुणातच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मासोळी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच आजींच्या शेजारच्या खोक्यावर बसली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून तिने खालचं खोकं फाडलं. बुटांच्या डब्यात तिची पदकं होती. एकेक काढून ती आजींच्या मांडीवर ठेवत गेली.

"हे पन्नास मीटरचं. हे पण. हे नुसतं भाग घेतल्याचं, ते सगळ्यांना देतात. आणि हे सगळ्यांत मोठं. या दिवशी बाबा इतके ओरडले, इतके ओरडले, की तीन दिवस त्यांचा आवाजच गेला होता. सर त्यांना बाहेर काढणार होते."

आजी हसल्या. "आम्हाला नाही कुणी सांगितलं ते पदकाचं."

"सांगणारच होते ना! घरी आल्या आल्या तुला फोन लावला. मी बाजूलाच उभी होते पदक घालून. पण तूच म्हणालीस, तुम्ही थकलात म्हणून."

आजींचा हात पदकावरच राहिला.

"मग बाबा जेवलेच नाहीत," मासोळी म्हणाली. "आईला म्हणाले, बारा वर्षांत आई कधी असं बोलली नाही, म्हणजे नक्की काहीतरी फार वाईट असणार. तू बरी झालीस ना पण आता?"

"हो," आजी म्हणाल्या. "मी बरीच होते गं."

त्यानंतर तासभर त्या तिथेच बसून होत्या. पाठ दुखत होती, पण उठवेना. रडून आलेला आवाज आणि आनंदाने ओरडून आलेला आवाज. एकतीस वर्षांत दुसरा कधी ऐकलाच नव्हता का? बाळ झालेला माणूसही हॉस्पिटलात कशाला घसा बसेपर्यंत ओरडेल! पण आपल्याला कळतं, आपल्यालाच कळतं, हा ताठा. "काय रे, आवाज का बसला?" एवढं विचारलं असतं तरी पुरत होतं. त्यांना स्वतःची मनापासून चीड आली.

संध्याकाळी आजोबा लिफ्टची विचारपूस करून परतले आणि पाठोपाठ मुलगा आला. एक बूट काढून तो हातातच धरून बसला, दुसरा काढायचंही त्याच्या जिवावर आलं होतं. सूनबाई खोक्यांपाशी जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या.

"उद्या नऊला हं, बाबा," मुलगा म्हणाला. "किल्ली आठवणीने द्या."

"ट्रक नको," आजी म्हणाल्या.

"का? दहाला सांगू का?"

"मला घरी जायचंय."

"अगं, आता हेच घर..."

"माझ्या घरी जायचंय मला. आम्ही थकलो नव्हतो रे. मी खोटं बोलले." आता सुरुवात झाली तर सगळंच बाहेर येऊ दे, म्हणून आजी भरभर बोलत सुटल्या. "तुझा आवाज बसलेला ऐकला आणि मला वाटलं, तू रडतोयस. तुला परत यायचंय पण तोंडाने सांगवत नाही. म्हणून म्हटलं, आपणच म्हणावं. आज कळलं मला, तू कशाने ओरडला होतास ते."

मुलाने हातातला बूट खाली ठेवला. मग उचलून पुन्हा नीट ठेवला.

"मला यायचं होतं?" तो म्हणाला. "मला?" आणि तो हसायला लागला, पण ते काही पुढे गेलं नाही. "आई, मी वर्कशॉप दुसऱ्याच्या हातात देऊन आलो. तिने नोकरी सोडली. घर सोडलं, त्यात आता दुसरी माणसं राहतात."

"माहीत आहे."

"तू बोलावलंस म्हणून आलो गं मी."

"माहीत आहे रे," आजी म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. आजोबा लिफ्टकडे गेले नाहीत. ते येऊन बायकोच्या खोक्याला खेटून उभे राहिले.

"मलापण घरी जायचंय," सूनबाई म्हणाल्या.

कुणाला उद्देशून नाही, भाजीकडे बघतच. कुठल्या घरी, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिथे परत जायची सोय राहिली नव्हती हेही. आजींना उद्या जायला घर होतं, गादी होती, शेगडी होती. या पोरीचं घर त्यांनी पाच मिनिटांच्या फोनवर बुडवलं होतं, आणि तिने आठ दिवस त्यांच्या उशीला रोज स्वच्छ अभ्रा घातला होता.

"नाही जात मी," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "येऊ दे तो ट्रक. राहते इथेच. तेवढं तरी करू दे मला."

सूनबाईंनी मान वर केली. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी सासूकडे सरळ बघितलं. त्यात राग होता, पण राग धरायलाही दम लागतो, तो नव्हता.

"नको, आई. तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "आपल्यातलं कुणीतरी घरी जाऊ दे."