काशीचं तोंड

माझ्या बायकोला, मीनाला मारल्याचं मला शहापूरच्या बाजारात कळलं. मी आणि माझी मुलगी हर्षाली बॅग घ्यायला गेलो होतो. इटलीत फ्लोरेन्स म्हणून शहर आहे, तिथल्या कॉलेजात तिला शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला होता. दुकानदार बॅगेची चेन उघडून दाखवत होता, तेवढ्यात शेजारच्या सकुबाईचा फोन आला.

"अनंता, घरी ये. भगीरथनं मीनाला कोयत्यानं तोडली."

"कुठं लागलंय?"

"लागलं नाय रे. तोडली."

भगीरथचं घर आमच्या समोरच. त्याची बायको काशी आणि माझी मीना, दोघी मुरबाडकडच्या एकाच गावच्या, एकाच वर्षी लग्न होऊन आमच्या पाड्यात आलेल्या. हर्षाली काशीला मावशी म्हणायची.

या उन्हाळ्यात हर्षालीनं आमच्या ओसरीची भिंत रंगवली. ती सांगायची, पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिकडचे चित्रकार देवाच्या चित्रात गल्लीतली माणसं घालत. पाववाला संत व्हायचा, पाणी भरणारी बाई देवाची आई व्हायची. तसंच तिनं गेरू, कोळसा आणि तांदळाच्या पिठानं भाताचे भारे नेणाऱ्या बाया काढल्या. आमच्याकडे लग्नात भिंतीवर पिठानं चौक काढतात, त्यातही माणसं असतात, पण त्यांना नाक-डोळे नसतात. हर्षालीनं पाड्यातल्या बायांची खरी तोंडं काढली. म्हाताऱ्या कुरकुरल्या. काशी मात्र रोज येऊन बसायची.

"माझे दात पुढं हायत, ते झाक गो."

"नाय मावशी, तेच तर काढायचेत."

"मग तुझ्या आयशीचं नाकपन मोठं काढ. नायतर मी उठते."

तिकडं कितीतरी जुनी चित्रं चुन्याखाली गेलीत, ती लोक बारीक सुरीनं दिवसाला वीतभर उघडी करतात, असं हर्षाली म्हणायची. तिला तेच शिकायचं होतं. शिकून परत यायचं आणि शाळेच्या लांब भिंतीवर अख्खा पाडा काढायचा, हे तिनं ठरवलं होतं.

गोकुळाष्टमीच्या आधी भिंतीचा एक कोपरा ओलीनं सुटला. मीनाचा हात भाजलेला होता, म्हणून मी सारवलं. आमच्यात पुरुष भिंत सारवत नाहीत. कोणी बघून हसू नये म्हणून मी पहाटे ओसरीला पडदा लावून काम उरकलं. घाईत शेणाचा हात काशीच्या तोंडावरून गेला. कोपरा नीट दिसावा म्हणून मी ते तोंड पुरतंच झाकलं. हर्षाली तेव्हा कागदपत्रांसाठी मुंबईला होती.

तिसऱ्या दिवशी शेतात तण बेणताना काशीला मण्यार साप चावला. जीप हायवेला लागायच्या आधीच ती गेली.

दहाव्यानंतर भगीरथ भगताकडे जाऊन आला, कोणीतरी करणी केली असं भगतानं त्याला सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या कौलांवर दगड यायला लागले. आमची कुत्री मान मुरगळलेली सापडली. एका संध्याकाळी तो कोयता घेऊन ओसरीत उभा राहिला.

"सगळ्यांची तोंडं हायत. माझ्या काशीचंच कुठं गेलं? कोणी सारवली भिंत?"

मी तिथंच बसलो होतो. मीनानं माझ्याकडे बघितलं.

"मी सारवली," ती म्हणाली.

"भुताळी हायस तू. तिला भिंतीत घालून मारलीस."

मी त्याला ढकलून बाहेर काढलं, पण भिंत मी सारवली हे बोललो नाही. रात्री मीना म्हणाली, "तुमचं नाव सांगितलं असतं तर तुमाला मारला असता. बाईवर नाय हात टाकायचा तो."

चार दिवसांनी आम्ही शहापूरला गेलो आणि तो आला. सकुबाईनं पाहिलं. आधी तो भिंतीवरची तोंडं तोडायला लागला. मीना भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "पोरीची भिंत हाय, सोड रे," म्हणाली. पहिला घाव तिनं हातावर घेतला, दोन बोटं ओसरीत पडली. दुसरा खांद्यात. तिसरा मानेत बसला. ती बसली तरी तो घाव घालत होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा लोकांनी त्याला दोरानं खांबाला बांधून बडवलं होतं. त्याचा एक डोळा बंद झाला होता. मीनावर गोधडी टाकली होती, तीही भिजली होती. हर्षाली गोधडीशी बसली.

भगीरथ मला बघून बोलला, "तीच म्हनाली, मीच सारवली. विचार ना. तू होतास तिथं, अनंता."

मी वीट उचलून त्याच्या तोंडावर मारली. दात पडले. "तू होतास," तो परत म्हणाला. मी परत मारली, आणि तो बोलायचा थांबेपर्यंत मारत राहिलो. लोकांना वाटलं मी बायकोसाठी मारतोय. हर्षाली बघत होती, आणि तिच्यासमोर त्यानं बोलू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तो जगला. आता तुरुंगात आहे.

हर्षालीनं भिंतीचे पडलेले तुकडे टोपलीत भरून ठेवले आहेत. काल ती सारवलेल्या कोपऱ्यावर नख फिरवत होती.

"बाबा, मावशी खाली तशीच असेल. मी शिकून आले की उघडते. पन आयनं तिलाच कशाला झाकलं?"

मी म्हणालो, "बॅग भर."

ती अठरा तारखेला जाते. पोलिसांनी माझा जबाब घेतला, त्यात भिंत मीनानं सारवली असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. ती मी सारवली, हे मी हर्षालीला अजून सांगितलेलं नाही.