कंदील खाली ठेवायचा नाही

आबांनी अट घातली तेव्हा माझं डोकंच फिरलं. हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या, डॉक्टरांनी बायपासची तारीख दिलेली, आणि खारघरच्या आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर मांडी घालून हे मला सांगतात, "तुळजापूरची ज्योत घरात येऊ दे, घट बसू दे, मग दवाखान्यात जातो. ज्योत न्हाई, तर आपरेशन बी न्हाई."

"आबा, हे काय डील आहे का?"

"व्हय. देवीसंगं हाय. तू मधी पडू नको."

आबा, म्हणजे माझे वडील मानसिंग, माण तालुक्यातून आले आणि वाशीच्या मार्केटात त्यांनी जन्मभर पोती वाहिली. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला त्यांचं माथाड्यांचं मंडळ टेम्पो करून तुळजापूरला जायचं आणि तिथली ज्योत आळीपाळीने पळत नवरात्रासाठी तुर्भ्याला आणायचं. मग कुणाचे गुडघे गेले, कुणी गावी परतलं, कुणी वर गेलं आणि मंडळ मोडलं. माझा भाऊ शिवतेज ऐरोलीत असतो, पण त्याच्या कमरेला पट्टा. राहिले मी आणि माझी बुलेट. आई म्हणाली, "उत्कर्षा, अमावास्येचं एकटीनं जातं का कुणी?" मी म्हटलं, मग तू त्यांना समजाव.

तयारी मी ऑफिसच्या कामासारखी चोख केली. महाप्याच्या एका वेल्डरकडून मागच्या कॅरिअरला लोखंडी कडी बसवून घेतली, तिच्यात चारी बाजूंनी काच असलेला कंदील अडकवला. तेलाची बाटली घेतली, जास्तीच्या वाती घेतल्या. डावा आरसा मुद्दाम वाकवून ठेवला, मागची वाहनं न दिसता ज्योत दिसावी म्हणून. आबांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. ज्योत जमिनीला टेकवायची नाही. एक तर गाडीवर, नाहीतर कुणाच्या तरी हातात. मंडळात हातांना तोटा नव्हता. मला दोनच, आणि तेही हँडलवर.

तुळजापुरात पहाटे ज्योत पेटवून घेतली. एरवी मी देवळाबाहेर चपला सांभाळत उभी राहणारी, पण "आई राजा उदो उदो" म्हणताना माझाही आवाज आपोआप चढला. सोलापूर मागे टाकलं आणि दोन्ही बाजूंना नुसती तूर, ऊस आणि आभाळ. आडोसा म्हणून काही नाही. ऊन होतं तोवर बरं होतं. मोहोळच्या पुढे आडवा वारा लागला आणि गाडी कडेला ढकलायला लागला. आरशात ज्योत आडवी झोपली, पुन्हा उठली.

मग तर आभाळाने खेळच मांडला. समोर पावसाचा पडदा दिसायचा, त्यात शिरून चिंब व्हायचं, बाहेर पडावं तर रस्ता ठणठणीत कोरडा आणि डोळ्यांवर ऊन. अंगावरचे कपडे वाळतायत तोच पुन्हा अंधारून यायचं. प्रत्येक ढगाकडे मी वैऱ्यासारखी बघत होते. एका कंटेनरने अगदी कानाशी हॉर्न मारला तेव्हा भानावर आले. मी समोर बघून गाडी चालवतच नव्हते, आरशात बघून चालवत होते. वाटेत पुण्याकडची मंडळं भेटत होती. अनवाणी पोरं, हातात मशाल, मागे टेम्पो, टेम्पोत जेवणाची भांडी आणि स्पीकर. मला त्यांचा मनापासून हेवा वाटला.

टेंभुर्णीला शिवतेजचा फोन आला. "अगं, विझली तर काडी ओढ आणि ये. त्यांना काय कळतंय? उगाच टेन्शन घेऊ नको."

"कमरेला पट्टा आहे ना, तसाच एक जिभेला बांध," असं म्हणून मी फोन कापला. राग जास्त यायचं कारण असं, की हाच विचार सकाळपासून माझ्याही मनात घोळत होता.

नंतर आईचा फोन आला. आबा सकाळपासून बाल्कनीत बसून आहेत, धड जेवले नाहीत, तिकडे पाऊस आहे का म्हणून सारखं विचारतायत. मला गलबलून आलं. म्हटलं, सांग त्यांना, ज्योत आहे, मी आणते.

इंदापूरजवळ पेट्रोलचा काटा खाली गेला. वातींपासून रेनकोटपर्यंत सगळा विचार केला होता, हा एवढाच केला नव्हता. पंपवाला लांबूनच दोन्ही हात हलवत ओरडला, "ओ मॅडम! आग घेऊन कुठं निघाला? मागं व्हा!"

"दादा, तुळजापूरची ज्योत आहे."

त्याने ज्योतीला हात जोडले आणि पुन्हा म्हणाला, "मागं व्हा." त्याचंही बरोबरच होतं. पण कंदील द्यायचा कुणाकडे? मंडळाला असला प्रश्न कधी पडला नसेल. पंपाच्या अलीकडे, रस्त्याकडेला एक बाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं. तिने काही विचारलं नाही. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि कंदील दोन्ही हातांत धरला. "जा बाय, तेल भरून ये. यशोदाबाई हाय हितं."

पंपावर रांग होती. माझा नंबर येतोय तोच वावटळ उठली आणि तिच्या मागोमाग पाऊस. पेट्रोल टाकीत पडत होतं, मी मान वळवून बघत होते. यशोदाबाईने वाऱ्याकडे पाठ केली, कंदिलाभोवती अंगाचं वेटोळं केलं. तिची पाटी उलटली, सीताफळं रस्त्यावर गडगडली, एक ट्रक त्यांवरून गेला. तिने कंदील काही सोडला नाही. मी गाडी घेऊन तिच्यापाशी पोहोचले तेव्हा काचेच्या आत नुसता धूर होता.

"पोरी, माझ्या हातात गेली गं," ती म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कडीत बसवताना कंदिलाचं दार मीच नीट लावलं नव्हतं, वारा तिथूनच शिरला. मी तिला तसं सांगितलं आणि भर रस्त्यात उभी राहून रडायला लागले. आबांचे ओठ काळपट पडतात, जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीवर काहीतरी वाचल्यासारखं करतात, ते सगळं आठवलं. आता हा माणूस ऑपरेशन करणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

"काडेपेटी आहे का हो?" मी विचारलंच.

"हाय. पर द्यायची न्हाई तुला," यशोदाबाई म्हणाली. "आत्ताच पोरं पळत गेली म्होरं. त्येंची बी त्याच देवळातली हाय. गाठ त्यांस्नी. रडत काय बसलीस!"

मी राहिलेली सीताफळं गोळा करायला वाकले, तर तिने कंदील कडीत अडकवला आणि मला हाताला धरून गाडीवर बसवलं.

भिगवणच्या अलीकडे उजनीच्या पाण्यावरून असा वारा येत होता की गाडी सरळ धरताना खांदे भरून आले. मागे विझलेला कंदील खडखडत होता. आता आरशात बघायला काही नव्हतं, तरी नजर तिकडेच जात होती. पोरं एका पुलाखाली सापडली, मशालीभोवती ताडपत्री धरून उभी. त्यांचा म्होरक्या रणजीत नावाचा, हडपसरचा. माझा रडवेला अवतार बघून त्याने एकच विचारलं, "कुठलं मंडळ?"

"मंडळ नाही. आबांसाठी नेतेय. एकटीच."

"पोरांनो, जागा द्या," तो म्हणाला. त्याने मशालीवर माझी वात पेटवली, कंदिलाचं दार स्वतः लावलं, ओढून बघितलं. सगळी पोरं "उदो उदो" ओरडली.

तिथून पुढे वेगळीच काळजी लागली. पुण्याची गर्दी, घाटातलं धुकं, खोपोली, पनवेल, सगळीकडे मी हेल्मेटच्या आत एकच वाक्य घोकत होते. नाही आबा, विझली नाही. अजिबात विझली नाही. म्हणता म्हणता ते खरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

दिवेलागणीला घरी पोहोचले. आईने दारातच पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबा बाल्कनीतून आत आले. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा फुलेल. कंदील बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आलीस व्हय? पाऊस लागला आसंल."

"लागला."

"वारं?"

"खूप."

"मग वाटंत कुटंतरी इझली आसंल... एखांद्या बारीला?"

लहानपणी शाळा चुकवायची असली की मी ताप आहे का बघ म्हणत आईपुढे कपाळ करायचे. आबा माझ्याकडे अगदी तसंच बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकट्या बाईकडून जमणार नाही अशीच अट त्यांनी शोधून काढली होती. दिवसभर ते पावसाची चौकशी करत होते, ती तो यावा म्हणून.

घोकलेलं वाक्य ओठांवर होतं. तेवढं म्हटलं असतं तर ते सकाळी मुकाट्याने दवाखान्यात गेले असते. पण त्या नजरेपुढे माझी जीभच उचलेना.

"विझली होती, आबा. इंदापूरला. दुसऱ्या मंडळाच्या ज्योतीवर परत लावून आणली."

"अगं बाई!" आईने तोंडावर हात ठेवला. आबांनी सुटकेचा श्वास सोडला. अगदी ऐकू येईल असा.

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "देवीच्या मनात न्हाई."

माझा पारा चढला. "देवीला मधे घालू नका. तिने काही नाही म्हटलेलं नाही. तुम्हाला भीती वाटतेय. तसं सांगा सरळ, म्हणजे मला माळावर मरायला पाठवायची गरज नव्हती!"

शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही ऐकू येत होता. ज्यांना मी जन्मात कधी कशाला घाबरलेलं बघितलं नव्हतं, ते आबा सोफ्याच्या कडेवर टेकले.

"व्हय," ते म्हणाले. "लई भ्या वाटतंय, पोरी. छाती उघडत्यात म्हनं. मधीच काय झालं तर मला कळनार बी न्हाई."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. "मलाही वाटतंय, आबा," मी म्हटलं. "सकाळपासून वाटतंय. ज्योतीचं नाही, तुमचंच."

ते उठले, माझ्या हातातून कंदील घेतला आणि देव्हाऱ्यातल्या समईवर ज्योत लावली.

"सकाळी घट बसवू आनि निघू," ते पाठमोरेच म्हणाले. "दवाखान्यात तू आत येशील न्हवं माझ्यासंगं?"

"आत नाही सोडत, आबा. दारापर्यंत सोडतात."

"दारापत्तुर तर दारापत्तुर," आबा म्हणाले, आणि आईला हाक मारली, "शालन, माझी पिशवी भर."