थोरलीची रेघ

धाकटीला त्या कारखान्यात थोरलीनेच चिकटवलं होतं. काम चिनी मातीच्या ताटल्यांचे काठ रंगवायचं, दिवसभर मान खाली. वीस वर्षं दोघी बहिणी एकाच बाकावर बसल्या आणि मानेचं दुखणंही दोघींनी वाटून घेतलं.

मग थोरलीचा हात थरथरायला लागला. काठाची रेघ वळवळायची. मुकादम ताटली उचलून नापासच्या टोपलीत टाकायचा. बोलायचा काही नाही मेला, नुसता सुस्कारा सोडायचा. तिला लवकरच घरी बसवणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बाक सुटला असता तर ती बाई भिंतींशी बोलत बसली असती. धाकटीच्या जिवाला घोर लागला.

एका फुटक्या ताटलीवर तिने नक्षी काढली. पाण्याखालचं गवत, पाती सगळी थरथरती. धडधाकट हाताला ती तशी जमेचना, थोरलीच्या हाताला मात्र आपसूक साधायची. मालकासमोर ताटली ठेवून धाकटी चक्क थाप मारून मोकळी झाली, "सध्या बाजारात असंच चालतंय, साहेब." कुठे चालत होतं, देव जाणे! पण मालकाने मान डोलावली आणि थोरली बाकावर राहिली. वर इतर बायांना पाती कशी काढायची ते शिकवताना भावही खायला लागली.

लोकांनी ती नक्षी डोक्यावर घेतली. धाकटी डिझायनर झाली. स्वतंत्र खोली मिळाली, ताटल्यांच्या पाठीवर तिची सही आली, प्रदर्शनांत फोटो निघाले. ज्या बायांबरोबर इतकी वर्षं डबा खाल्ला, त्या ती दिसली की गप्प व्हायच्या. सगळे तिचं कौतुक करत, आणि तिला नुसती झोप यायची.

तिसऱ्या वर्षी मागणी इतकी वाढली की मालकाने छपाईचं यंत्र आणलं. नक्षी कागदावर छापायची, कागद भिजवून ताटलीवर चिकटवायचा. कुंचल्याचं कामच संपलं. "छपाईसाठी मूळ ताटली कुठली घ्यायची, ते तुम्हीच ठरवा," मालक म्हणाला. यंत्र नको म्हणून धाकटीने विनवण्या केल्या, भांडून पाहिलं, दोन दिवस टाळाटाळ केली. शेवटी दमून तिने थोरलीची ताटली निवडली आणि मुकाट्याने मंजुरीच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी थोरली तिच्या खोलीच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच उभी राहिली.

"माझीच घेतलीस म्हणे?"

"हो, ताई. तुझ्यासारखी कुणालाच जमली नाही."

थोरली हसली. ती खरंच खूश झाली होती, आणि धाकटीला तेच सोसवेना.

"बायका काय काय बोलतायत खाली. मुकादमाचं तर तोंडच उघडत नाही. म्हटलं, आपल्या धाकटीलाच विचारावं. उद्या येऊ ना मी?"

धाकटीने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. तिला रडू येत होतं, पण रडायचंही त्राण नव्हतं.

"उद्या नको, ताई."

"बरं," थोरली म्हणाली. "मग परवा येऊ?"