मथुराबाईंचा उजवा खांदा

गुरुवार आला की मथुराबाई सकाळपासून पाहुणे येणार असल्यासारख्या वागायच्या. ओसरी दोनदा झाडायची, नातीचं तोंड तिच्या मर्जीविरुद्ध पुसायचं, ठेवणीतलं इरकल नेसायचं आणि पिठाच्या डब्याला टेकवलेल्या सुनेच्या मोबाइलसमोर, डोक्यावरून घेतलेला पदर उजव्या खांद्यावरून पुढं ओढून, ताठ बसायचं. पाहुणे म्हणजे मोबाइलच्या काचेत दिसणारी दोन मुलं, पुण्याची अर्पिता आणि परभणीचा वरद. ती दिसली रे दिसली की मथुराबाई विचारायच्या, जेवलात का. वरद दर वेळी नाही म्हणायचा, कारण मग त्या त्याची कीव करायच्या आणि ते त्याला आवडायचं.

शिवांजली, त्यांची सून, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. बाळंतपणात तिचा एकच विषय मागं राहिला होता आणि तो तिनं सासरच्या ईट गावातून, घरूनच पुरा करावा अशी मुभा कॉलेजनं दिली होती. वेगवेगळ्या कॉलेजांतल्या तिघांनी ऑनलाइन एकत्र यायचं आणि मिळून एकच रुग्ण बरा करायचा, असा तो विषय. व्यायाम शिवांजलीचे. वेणी घालणं, फळीवरचा डबा काढणं अशी रोजची कामं पुन्हा जमवून आणणं हे अर्पिताचं काम, आणि वरद आहाराचा. विषय सुटला तर जूनमध्ये शिवांजली आपल्या बॅचबरोबर इंटर्नशिपला जाणार होती. नाही सुटला तर एक वर्ष अजून घरी. मांडीवर लेकरू असलेल्या बाईचं एक वर्ष घरी गेलं की ते तिथंच मुक्काम करतं, हे तिनं आपल्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत पाहिलं होतं.

रुग्ण शोधायला लांब जावं लागलं नाही. मथुराबाईंना साखरेचा त्रास होता आणि साखरेच्या माणसांचा जखडतो तसा त्यांचा उजवा खांदा जखडला होता. तिघांनी मिळून आराखडा केला. वरद विचारायचा, काकू, काल काय खाल्लं. मथुराबाई सांगायच्या, ज्वारीची भाकर आणि शेपूची भाजी. मागं त्यांचा मुलगा रणधीर खोकायचा. रणधीरची खव्याची भट्टी होती, आणि भट्टीवरच्या ताज्या खव्याची चव बघणं हे त्याच्या आईच्या मते खाणं नव्हतं, काम होतं.

अडलं ते हातापाशी. अर्पिता म्हणायची, काकू, हात वर घ्या बरं. मथुराबाईंचा हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि थांबायचा. दुखतंय का? थोडं, असं त्या म्हणायच्या. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. तिघांच्या सामाईक फाइलीत खांद्याचं माप जागचं हललं नाही.

शिवांजलीलाही शंका यायला लागली होती. राणी तिला रात्रभर जागवायची, म्हणून पहाटे मथुराबाई नातीला बाहेर घेऊन जायच्या आणि सुनेला झोपवायच्या. व्यायाम त्या तेव्हाच उरकायच्या म्हणे, भिंतीवर बोटांनी चढत जायचा, दोरीचा, सगळे. केले का विचारलं की उत्तर ठरलेलं, व्हय की. पण पाहिलं होतं कुणी? राणीनं. आणि राणी अजून बोलत नव्हती.

मग अर्पिताचा निरोप आला, अगदी गोड शब्दांत. माझ्या आजीचाही खांदा असाच आहे, आपण आता तिलाच घेऊ. व्यायाम मी करून घेईन, बाळामुळं तुझी किती धावपळ होते, तू नुसती सोबत राहा. येत्या गुरुवारी हा विषय तपासणाऱ्या नीरजा मॅडम स्वतः येणार आहेत, तेव्हाच ठरवून टाकू. शिवांजलीनं तो निरोप राणीला पाजता पाजता वाचला. नुसती सोबत राहणाऱ्या मुलीला मॅडम पास कशाला करतील, हे तिला न सांगताही कळत होतं.

बुधवारी दुपारी ती धुणं वाळत घालून आत आली आणि दारातच थांबली. मथुराबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन त्या राणीची झोळी आढ्याच्या कडीला बांधत होत्या. दोन्ही हात. उजवा तर चांगला कानाला लागला होता. वर एक गाठ मारली, ती पसंत पडली नाही म्हणून सोडून पुन्हा मारली.

शिवांजलीचा फोन हातातच होता. तिनं तो वर धरलाही. एवढा एक व्हिडिओ पाठवला की अर्पिताचं तोंड बंद. पण सासूची पाठ, उघडं डोकं, कमरेला खोचलेला पदर, आणि हे सगळं चोरून. तिनं फोन खाली घेतला.

तेवढ्यात अंगणातून दूधवाल्या धुळाप्पांनी खाकरून वर्दी दिली. मथुराबाईंनी डाव्या हातानं झटक्यात पदर डोक्यावर घेतला, उजव्या खांद्यावरून पुढं ओढला, आणि उजव्या हातानं, किटली तिथं ठेवा, अशी खूण केली. हात बरोबर खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि थांबला.

शिवांजली आधी हसली, मग खालीच बसली.

"आत्या, फोनवर तुम्ही हात एवढाच का वर घेता?"

"मग काय पदर पाडू डोक्यावरचा? हात वर नेला की सरकतोय तो."

"समोर वरद तर असतो. तुमच्या लेकापेक्षा लहान आहे तो."

"आसंना. परक्याचा लेक हाय. आन् तुझ्या कॉलेजातली माणसं ती. शिवांजलीची सासू उघड्या डोक्यानं बसती म्हणलं तर नाव कुणाचं जाईल, माझं का तुझं?"

"आणि दुखतंय का विचारल्यावर थोडं म्हणता ते?"

मथुराबाई झोळीकडं वळल्या. "एवढी लेकरं कामंधामं टाकून इचारायला येत्यात. न्हाय दुखत म्हणलं तर बरं दिसंल का?"

शिवांजलीनं त्यांना सगळं सांगितलं, अर्पिताचा निरोप, मॅडम, जून. मथुराबाई बराच वेळ झोळीला झोका देत राहिल्या. पदराला पिन लावू या का, असं शिवांजलीनं विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, पिनेनं पदर राहतो, मान राहत न्हाय. वरदला यायला नको सांगू का? तेही चाललं नाही. तो उपाशी पोरगा तेवढाच एक दिवस घरी येतो, त्याला का म्हणून बाहेर काढायचं?

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.

गुरुवारी मॅडम वेळेवर आल्या. अर्पितानं फाइल उघडली, आकडे दाखवले, आणि रुग्ण बदलावा असं सौम्यपणे सुचवलं. व्यायाम होत नसावेत, असं ती म्हणाली नाही. पण ते सगळ्यांना ऐकू आलं. मॅडमनी विचारलं, शिवांजली, तुमचं काय म्हणणं आहे?

शिवांजलीनं तोंड उघडायच्या आत मथुराबाई मोबाइलकडं वाकल्या. "वरद, लेका, भिंतीकडं तोंड कर."

वरद गोंधळला. मग त्यानं मॅडमकडं पाहिलं, आणि मॅडम काहीच बोलत नाहीत असं पाहून खुर्ची गर्रकन फिरवली. काचेच्या एका चौकोनात त्याची मान आणि न विंचरलेले केस तेवढे राहिले.

मथुराबाईंनी हात उचलला. खांद्याशी पोचला, पुढं गेला. पदर डोक्यावरून घसरून पाठीवर गेला, इतकी वर्षं झाकलेले पांढरे केस उघडे पडले, आणि हात सरळ वर जाऊन कानाला टेकला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. शिवांजलीला एकदम पुढं होऊन तो पदर सावरावासा वाटला, पण तिनं हात मांडीवरच ठेवले. ज्यासाठी हे चाललं होतं ते वाया गेलं असतं.

"मग आतापर्यंत फाइलीत लिहिलंय ते?" मॅडमनी विचारलं.

"ते पदराचं माप आहे, मॅडम," शिवांजली म्हणाली. "खांद्याचं आजच घेतोय." आणि तिनं शांतपणे पहिल्यापासून सगळं सांगितलं, कडी, झोळी, पहाटेचे व्यायाम. चोरून काढायच्या राहिलेल्या व्हिडिओचं तेवढं वगळलं.

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. हे शेवटच्या सादरीकरणात तुम्हीच मांडा, म्हणाल्या, मला ते सगळ्या वर्गाला ऐकवायचंय. अर्पितानं उघडलेली फाइल मिटवली. "आजीला नको म्हणून सांगते मी," ती म्हणाली. "तशीही ती तयार नव्हती. शिवांजली, स्लाइड मी करते, बोल तू." तिचा आवाज पहिल्यांदाच पुण्याचा कमी आणि मैत्रिणीचा जास्त वाटला.

शिवांजलीनं राणीला उचलून छातीशी धरलं, म्हणजे आपले डोळे कुणाला दिसू नयेत. मॅडमनी जूनबद्दल एक शब्दही काढला नव्हता. पण सादरीकरण तिचं होतं, आणि नुसती सोबत राहणाऱ्या मुलीला ते कुणी देत नाही.

"काकू," भिंतीकडून वरदचा आवाज आला, "वळू का आता?"

"थांब की," मथुराबाई म्हणाल्या. "आजून डावा दावायचा ऱ्हायलाय."

डाव्याला कधीच काही झालं नव्हतं.