लोकरीचा मोर आणि माकणीचे स्थळ

जळकोटच्या मंगल कार्यालयात माझ्या बहिणीचे, शिवांजलीचे, रुखवत मांडले होते: क्रोशाचे तोरण, सुपाऱ्यांची इवली वरात, लोकरीचा मोर. शेजारी पाटी होती, ‘शिवांजलीच्या हातची कला’. नवरीने रुखवत स्वतः करावे, ही रीत. प्रत्यक्षात ते सारे मी केले होते. तिच्या हाती आलेली सुई आधी बोटात शिरे. मला मात्र दोऱ्याच्या सोबतीतल्या संध्याकाळी जिवलग वाटत. दोरा कुणाला मोठ्याने बोलायला लावत नाही.

नवऱ्या मुलाचे काका बब्रुवान सर उमरग्याचे निवृत्त प्राध्यापक. महिला दिनाचे व्यासपीठ त्यांच्यावाचून सुने वाटे. ते मोरापुढे थबकले.

“स्त्रीनं स्वतःशी प्रामाणिक राहावं. बघा, या मोरात मुलीचा खरा स्वभाव उतरलाय!”

“काका, हे समदं अमरसिंहदादानं केलंय,” शिवांजली म्हणाली. “मला यातलं काहीच येत न्हाय. पहिल्याच दिवशी खोटं कशाला?”

सर गहिवरले. “स्वतःचं श्रेय भावाला देते! त्याग हाच स्त्रीचा खरा दागिना.”

“त्याग न्हाय हो काका, खरं सांगतेय!”

“आणि वर हा विनय!”

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, माझा दंड धरला. “गप ऱ्हा. तुझ्यासाठी आलेले माकणीचे पाहुणे तिथं बसलेत. विणणाऱ्या गड्याला कोण पोरगी देईल?”

शिवांजली माझ्याकडे पाहत होती. मी गप्प राहिलो असतो, तर तिचे खरे बोलणेही तिच्या दागिन्यांत जमा झाले असते.

“मीच केलंय,” मी म्हणालो. कुणालाच ऐकू गेले नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा आवाज नको तितका मोठा निघाला.

सर खाकरले. “प्रामाणिकपणा हवाच. पण त्याला स्थळकाळाचं भान असावं.”

माकणीच्या कडूबाई, मला सांगून आलेल्या मुलीच्या आत्या, मोर उलटसुलट करून पाहत होत्या. “पोरगा गुणाचा हाय, व्हय. पर ह्यानंच विणायचं, तर आमच्या पोरीनं करायचं काय?”

“तिला काय करावं वाटतं आत्या?” शिवांजलीने विचारले.

“तिला?” कडूबाई खरोखरच गोंधळल्या. “तिला कशाला विचारायचं?”

अक्षता पडण्याआधीच माझे स्थळ मोडले. पाहुण्यांनी मात्र जेवून जाण्याइतकी आपुलकी राखली. अण्णांनी माझ्या हाती जिलबीचे ताट दिले. पंगतीत वाढणे हे पुरुषाचेच काम; त्याविषयी कुणाचीच तक्रार नव्हती.