ठेवणीतली वायर

कॉम्प्युटरमधलं नवं ग्राफिक्स कार्ड अकरा सेकंद उत्तम चालायचं. बाराव्या सेकंदाला पडदा काळा व्हायचा, पंखे जिवाच्या आकांताने घोंगावायचे आणि मग सगळं गपगार. खोक्यावर ठसठशीत छापलं होतं, ‘अविरत कामगिरी’. कार्डाला नाही तर निदान खोक्याला तरी लाज वाटायला हवी होती.

तिच्या हातात दुपारी चारपर्यंतचा वेळ होता. ती नाटकांचे सेट आखायची. चौदा वर्षं तिने सरांच्या ऑफिसात मान मोडून सेट आखले, आणि चौदा वर्षं जाहिरातीत नेपथ्यकार म्हणून सरांचं नाव झळकलं. सर मनाने मोठे उदार. बक्षीस मिळालं की त्यावरची धूळ पुसायचा मान ते न चुकता तिलाच द्यायचे. सहा महिन्यांपूर्वी तिने ती नोकरी सोडली, आणि आता एका दिग्दर्शकाने पहिल्यांदाच तिला स्वतःला विचारलं होतं. त्याची अट एकच होती. “चित्रं नकोत मला. सेट पडद्यावर फिरवून दाखवा, आणि मी सांगेन तसा प्रकाश तिथल्या तिथे बदला. चारला तुमच्याकडे येतो, पाचला सरांकडे जातो. ज्याचं पटेल त्याचं काम.”

जुन्या कार्डावर सेट फिरायचा नाही, फरफटायचा. म्हणून हे नवं कार्ड आणि त्याच्याबरोबर वीज पुरवणारा नवा डबा आणला होता. दोन्ही तिने काल स्वतःच्या हातांनी बसवले होते, आणि बसवल्याचा तिला अभिमानही वाटला होता. तो अभिमान सकाळी साडेनऊला, बरोबर बाराव्या सेकंदाला मावळला.

मदतीला घर धावून आलं. नवऱ्याने तर खास रजा काढली होती.

“बंद करून चालू केलंस का?” त्याने विचारलं.

“नऊ वेळा.”

“मग दहाव्यांदा करून बघ ना.” एवढं बोलून तो रजा कारणी लागल्याच्या समाधानात पेपर वाचायला बसला.

धाकट्या दिराला घरात सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणतात असं फक्त त्यालाच वाटे. त्याने कंबर कसली. “वहिनी, शंभर टक्के ड्रायव्हर. सॉफ्टवेअरचा घोळ आहे सगळा.” ड्रायव्हर काढला, घातला. अकरा सेकंद. मग तो म्हणाला, शंभर टक्के उष्णता. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडून समोर टेबलफॅन लावला. तिचे कागद खोलीभर उडाले, कार्ड अकरा सेकंद चाललं. मग शंभर टक्के मॉनिटर. दुपारी एकपर्यंत तज्ज्ञाचे सहाशे टक्के भरले होते.

“माहितीपत्रक वाचलंस का रे?” तिने विचारलं.

“ते ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतं, वहिनी.”

दुकानदाराला फोन केला. “इथून निघालं तेव्हा व्यवस्थित होतं,” तो म्हणाला, जणू कार्ड वाटेत वाईट संगतीला लागलं होतं. कंपनीच्या मदतकेंद्राने वीस मिनिटं बासरी ऐकवली आणि तिचा फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे हे सांगितलं. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, “मॅम, तुम्ही बंद करून चालू केलंत का?” नवऱ्याने पेपराआडून विजयी मुद्रेने पाहिलं.

दोन वाजता तिची पाचावर धारण बसली. सर आता काय करत असतील हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं: तिच्याच जुन्या फायली उघडून, तिनेच काढलेल्या जिन्याचा रंग बदलत असतील. ती उठली आणि दोघा भावांना म्हणाली, “बाहेर व्हा. दोघंही. तो पंखाही न्या.”

दार लावून ती थोडी रडली. मग नाक पुसलं, वही घेतली आणि सेट आखायला बसावं तशी बसली. काय होतं हे सोडून, कधी होतं ते लिहू लागली. नुसता पडदा चालू ठेवला, तर कितीही वेळ काही होत नाही. सेट स्थिर, तरी होत नाही. सेट फिरवला, तरी चालतो. फिरवून वर त्या सेटमधले चौदाही दिवे लावले, की मान टाकतो. म्हणजे कार्ड बिघडलेलं नव्हतं. कामाचा भार आला की त्याला काहीतरी कमी पडत होतं. तिने चौदाचे सात दिवे केले. कार्ड पाऊण मिनिट टिकलं. तीन दिव्यांवर पडलंच नाही.

उपाशी होतं बिचारं. वीज पुरत नव्हती.

तिने माहितीपत्रक काढलं. सहाव्या पानावर, ज्याला कळत नाही त्यालाही कळेल अशा चित्रासकट दिलं होतं: कार्डाला वीज घ्यायला दोन तोंडं आहेत, दोन्हींना दोन स्वतंत्र वायरी जोडाव्यात. एकाच वायरीचे दोन फाटे लावू नयेत. तिने कॅबिनेटमध्ये डोकावून पाहिलं. एकाच वायरीचे दोन फाटे, अगदी नीटनेटके लावलेले.

मग दुसरी वायर कुठे गेली?

या घराची एक रीत होती. चांगली वस्तू वापरायची नाही, ठेवायची. पाहुण्यांचे कप पाहुणे आले तरी निघत नसत, कारण त्याहून मोठे पाहुणे कधीतरी येणार असत. सोफ्यावरचं प्लॅस्टिक सोफ्याइतकंच जुनं होतं. लग्न झाल्यापासून ती या रीतीची यथेच्छ टिंगल करत आली होती, आणि टिंगल ऐकायला सासूबाई नेहमीच हजर असत.

“आई,” ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, “एक जाड काळी वायर पाहिलीत का हो?”

“ती विणलेली, मऊ मऊ? अगं, तूच नाही का दिलीस काल? म्हणालीस, एकीत भागतंय, दुसरी चांगली आहे, राहू दे ठेवणीत.” सासूबाईंनी हात पुसले. “कपाटात ठेवलीय, मलमलीत गुंडाळून.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी कपाट उघडून वायर हातात देताना फक्त मलमल तेवढी परत मागून घेतली.

सव्वातीनला दुसरी वायर बसली. बारावा सेकंद आला आणि गेला. सेट फिरत राहिला, चौदाच्या चौदा दिवे लागले, पायऱ्यांच्या सावल्या भिंतीवर सरकल्या. तिच्या जिवात जीव आला.

“बघ,” दारातून तज्ज्ञ म्हणाला, “मी तेच म्हणत होतो, पॉवरचा प्रॉब्लेम.”

दिग्दर्शक चारला पाच कमी असतानाच आला. त्याने खुर्ची ओढली आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. संध्याकाळ करा. खिडकी डावीकडे घ्या. आता वरच्या खोलीतला एकच दिवा, बाकी अंधार. सगळं तिथल्या तिथे होत गेलं. जिना वळला, खालची बैठक काळोखात गेली, आणि वरच्या खोलीतला उजेड एकेक पायरी उतरत खाली आला. दिग्दर्शक खुर्चीत पुढे सरकला.

“वा,” तो म्हणाला. “हुबेहूब सर. तो जिना, तो उतरणारा उजेड. चौदा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत, ते फुकट नाही गेलं. अगदी त्यांच्यासारखं काम आहे.”

दारापाशी बसलेल्या नवऱ्याने पेपर खाली ठेवला. तो कौतुक ऐकून हसणार होता, पण बायकोचा चेहरा पाहून थांबला.

“त्यांच्यासारखं नाही,” ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. “चौदा वर्षं त्यांचं माझ्यासारखं होतं.”

दिग्दर्शकाने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. एकेक करून त्याला जुनी नाटकं आठवत असावीत. प्रत्येकात एक जिना होता. त्याने खिशातून फोन काढला आणि सरांना कळवलं की आज येणं जमत नाही. मग पेन काढलं.

“जाहिरातीत नाव कसं लावायचं?” त्याने विचारलं.

तिने नाव सांगितलं. मग तो लिहीत असताना वाकून, एकेक अक्षर बरोबर आहे ना, ते पाहिलं.